३८६, ४ एमबी रॅम, डॉस ६.२२: बॅकअपची फाइल उघडायला मेमरी पुरत नाही

शिरोली_लॅब

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करतो. भट्टीतून काढलेला कॉइन सॅम्पल स्पेक्ट्रोमीटरवर स्पार्क करून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज सांगायचं, आणि आम्ही हो म्हटल्याशिवाय हीट (वितळलेल्या धातूचा एक घाणा) ओतायची नाही. स्पेक्ट्रोमीटर जुना आहे पण आकडे अजून चोख देतो. त्याला जोडलेला पीसी ३८६ आहे, ४ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२. फ्लॉपी ड्राइव्ह १.४४ एमबीचा. सीडी नाही, यूएसबी नाही, नेटवर्क नाही.

गेल्या सोमवारी हार्ड डिस्क बसली. दोन दिवस टकटक करत होती, तेव्हाच कळायला हवं होतं. भंगारवाल्याकडून १७० एमबीची जुनी आयडीई डिस्क मिळाली, तिच्यावर डॉस टाकलं, चालू आहे. जुन्या डिस्कचा बॅकअप नशिबानं आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं ती आपल्या घरच्या कॉम्प्युटरला लावून सगळं कॉपी करून ठेवलं होतं. आता अडचण ती उघडायची.

बॅकअप दोन प्रकारांत आहे. पहिली फाइल .७झेड. आतला माल ८६ एमबी. लॅपटॉपवर ती उघडली की मेथडच्या रकान्यात 'एलझेडएमए:२४' दिसतं. हिचे तुकडे फ्लॉप्यांवरून आणून ३८६ वर जोडले आणि डॉसचा ७-झिप डीकोडर लावला. हार्ड डिस्कचा दिवा दीड तास पेटून होता, पडद्यावर एक अक्षर हललं नाही. शेवटी रीसेट मारला. आता सी: च्या मुळात सीडब्ल्यूएसडीपीएमआय.एसडब्ल्यूपी नावाची फाइल दिसते, ० बाइटची, आणि मोकळी जागा मात्र खूप कमी झालीय.

दुसरी .टार.जीझेड (टारनं एकत्र बांधलेली, जीझिपनं दाबलेली), फक्त स्पेक्ट्रोमीटरच्या फोल्डरची. दाबलेली २.६ एमबी, उघडल्यावर साधारण ९ एमबी. हिला मी जीझिप -डीसी करून पाइपनं टारला दिलं. जीझिप म्हणतं डिस्कवर जागा नाही, टार म्हणतं फाइल मध्येच संपली. हे बघितलं तेव्हा सी: वर ३० एमबी मोकळी होती. मग जागा नाही म्हणजे काय?

कॉन्फिग.सिस (पीसी सुरू होताना वाचली जाणारी फाइल) जुन्या पीसीच्या छापील कागदावरून जसाच्या तसा भरलाय: हिमेम, ईएमएम३८६ (दोन्ही मेमरी सांभाळणारे), १ एमबीचा रॅमड्राइव्ह (मेमरीतच बनवलेला ड्राइव्ह, तो ई: म्हणून येतो). ऑटोएक्झेकमध्ये स्मार्टड्राइव्ह (डिस्कवरचं मेमरीत साठवून ठेवणारा) आणि टेम्प=ई:\. मेम कमांड सर्वात मोठा प्रोग्राम ४९८ के सांगते.

सध्या प्रत्येक हीटचा सॅम्पल मोटरसायकलवरून बाहेरच्या लॅबला जातो. रिपोर्ट येईपर्यंत इंडक्शन भट्टीत धातू धरून ठेवावा लागतो, वीज जळते आणि कार्बनही उतरतो. लई अडचण आहे. ४ एमबीत ह्या फाइली उघडायचा रस्ता आहे का?

---

सोलापूरकर८६

डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला लावा, तिथंच उघडा, परत बसवा. दहा मिनिटांचं काम. नाहीतर लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर डॉस चालवणारा प्रोग्राम) अख्खं सॉफ्टवेअरच चालवा.

---

शिरोली_लॅब

दादा, दोन्ही बघून झालं. मोजणीचं कार्ड आयसा स्लॉटचं (जुन्या पीसीतल्या खाचेचं) आहे, त्याला हाच पीसी लागतो. आणि अडॅप्टरवर नवी (म्हणजे जुनीच) डिस्क फिरते, पण लॅपटॉपला दिसत नाही. भाच्यानं तेव्हा कसं केलं विचारलं, तर त्याच्याकडं जुना डेस्कटॉप होता, आयडीई केबलवाला. तो आता विकला.

---

बाइट_मोजणारी

शिरोलीकर, रस्ता आहे, आणि सोपा आहे. पण आधी एक काम: काहीही करण्यापूर्वी स्कॅनडिस्क चालवा. ती ० बाइटची फाइल म्हणजे अर्धवट राहिलेली स्वॅप फाइल. डॉस फाइल बंद होताना तिचा आकार डिरेक्टरीत लिहितो. तुम्ही मध्येच रीसेट मारलात, त्यामुळे आकार शून्य राहिला आणि तिला दिलेले क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) फॅटमध्ये (त्या जागेच्या नोंदवहीत) अनाथ पडून आहेत. स्कॅनडिस्क ते हरवलेले क्लस्टर म्हणून दाखवेल. फाइल करून ठेवू का विचारेल, तर पुसून टाका. जागा परत येईल.

अडॅप्टरचंही सांगते. यूएसबीचे अडॅप्टर डिस्कशी एलबीएच्या भाषेतच बोलतात, म्हणजे सेक्टरला एकच सलग नंबर. तुमची १७० एमबीची डिस्क बहुधा फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर ओळखणाऱ्या पिढीतली आहे. तिला तो नंबर कळत नाही. डिस्क खराब नाही, काळजी करू नका.

आता दोन्ही फाइलींचं. दोन्हीकडे अडथळा वेगळा आहे, आणि दोन्ही ठिकाणी मेमरी कमी आहे एवढं म्हणून भागणार नाही.

७झेडमधला तो २४ चा आकडा म्हणजे २ चा २४ वा घात, १६ एमबी. बांधताना ७-झिपनं १६ एमबी मागेपर्यंत बघून 'हा मजकूर आधी येऊन गेलाय, तिथून उचल' अशा खुणा लिहिल्यात. उघडणाऱ्याला ते मागचे १६ एमबी हाताशी ठेवावेच लागतात, कारण पुढची खूण त्यातल्या कुठल्याही जागी बोट दाखवू शकते. शिवाय ७झेड सगळ्या फाइली एका सलग गठ्ठ्यात बांधतं. ७-झिपच्या कर्त्यांनी दिलेला छोटा सी डीकोडर तर असा गठ्ठा पूर्णच मेमरीत उलगडतो. तुमच्याकडं विस्तारित मेमरी उरली किती? ४ एमबीतून पहिला १ एमबी गेला, १ एमबी रॅमड्राइव्हनं घेतला, स्मार्टड्राइव्हनं त्याचा वाटा घेतला, हातात जेमतेम १. उरलेलं सगळं सीडब्ल्यूएसडीपीएमआय (मेमरी कमी पडली की डिस्क वापरणारा मदतनीस प्रोग्राम) डिस्कवर ठेवत होता. प्रत्येक खुणेला डिस्कवरून एक पान आण, एक पान परत ठेव. दीड तासात काहीच झालं नाही ते त्यामुळं. रात्रभर ठेवलं असतं तरी भरवसा नव्हता.

टार.जीझेडमध्ये मेमरीचा प्रश्नच नाही. जीझिपला ३२ केबीची खिडकी (मागचा जेवढा मजकूर हाताशी ठेवावा लागतो तो) पुरते. तिथं आडवा आला तो पाइप. युनिक्सवर पाइप म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालू, एकानं सोडलं की दुसरा घेतो. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. मग कमांड.कॉम काय करतो? पहिला प्रोग्राम संपेपर्यंत चालवतो, त्याचं सगळं आउटपुट एका तात्पुरत्या फाइलीत साठवतो, आणि मग ती फाइल दुसऱ्याच्या तोंडी देतो. ती तात्पुरती फाइल टेम्प जिथं सांगेल तिथं बनते. तुमचा टेम्प आहे ई:\, म्हणजे १ एमबीचा रॅमड्राइव्ह. ९ एमबीचा टार त्यात मावणार कसा? जीझिप खरंच बोलत होतं, फक्त जागा कुठली ते सांगत नव्हतं.

आता उपाय. तुमच्याकडं लॅपटॉप आणि फ्लॉपी दोन्ही आहे, तर ३८६ वर ह्या फाइलींशी झुंजायचंच नाही. लॅपटॉपवर ७झेड उघडा, स्पेक्ट्रोमीटरचा फोल्डर बाहेर काढा, आणि ३८६ ला झेपेल असं परत बांधा. उघडताना किती मेमरी लागेल हे बांधणाऱ्याच्या हातात असतं. भाच्याची चूक नाही, त्यानं आपल्या मशीनच्या हिशोबानं बांधलं. आपण ह्या मशीनच्या हिशोबानं बांधू.

झिप फॉरमॅट घ्या, मेथड (दाबायची पद्धत) डिफ्लेट. डिफ्लेट६४, बीझिप२, एलझेडएमए ह्यांपैकी काहीही नको, पासवर्ड नको. साधं डिफ्लेट १९९३ च्या पीकेअनझिप २.०४जी ला पूर्ण कळतं. फाइलींची नावं आठ-तीनमध्ये (आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं) आहेत का बघा, जुन्या डिस्कवरची आहेत म्हणजे असतीलच.

आणि एक मोठी झिप करून तिचे तुकडे पाडू नका. तीन-चार वेगवेगळ्या, आपापल्या पायावर उभ्या असलेल्या झिप करा, प्रत्येक १४ लाख बाइटच्या आत. फ्लॉपीवर १४,५७,६६४ बाइट मावतात, थोडी मोकळीक राहू दे. ७-झिपचे .००१, .००२ हे नुसते कापलेले तुकडे असतात, ते कॉपी /बी नं जोडावे लागतात आणि डिस्कवर दुप्पट जागा लागते. खुद्द पीकेझिपची अनेक फ्लॉप्यांवर पसरलेली झिपही ह्या कामाला मला आवडत नाही. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते, म्हणून पीकेअनझिप आधी शेवटची फ्लॉपी मागतो, मग पहिली. त्यात मधल्या एका फ्लॉपीवर खराब सेक्टर निघाला की सगळा खेळ अडतो. वेगळ्या झिप असल्या तर तेवढीच फ्लॉपी परत करायची.

३८६ चालू करताना 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसलं की एफ५ दाबा. कॉन्फिग, ऑटोएक्झेक दोन्ही बाजूला राहतील आणि साध्या ६४० केबीतली साडेपाचशेच्या वर मोकळी मिळेल. एवढी लागत नाही, पण मध्ये कुणाची लुडबुड नको. पाथही नसेल, म्हणून पीकेअनझिप जिथं आहे त्या फोल्डरमधूनच चालवा. झिप आधी सी: वर कॉपी करा, तिथं -टी लावून तपासा, मगच उघडा. उघडताना -डी विसरू नका. त्याच्याशिवाय पीकेअनझिप आतले फोल्डर बनवत नाही, सगळं एकाच जागी ओततो.

---

फर्मवेअर_पुणे

ताईंच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. हा प्रश्न डॉसबरोबर गेला असं कुणी समजू नये. मी आज जे बोर्ड करतो त्यातल्या कंट्रोलरला २० केबी रॅम आहे. नवं फर्मवेअर दाबलेलं येतं आणि तिथंच उलगडावं लागतं. डिफ्लेटची ३२ केबीची खिडकीच तिथं मावत नाही. म्हणून आम्ही बांधतानाच झेडलिबला (डिफ्लेट करणारी लायब्ररी) विंडोबिट्स १० सांगतो, खिडकी १ केबीची होते. फाइल थोडी फुगते, पण उलगडणारा भाग मावतो.

एक इशारा. झेडलिबच्या स्वतःच्या हेडरमध्ये खिडकीचा आकार लिहिलेला असतो. झिपच्या आत डिफ्लेट उघडंवाघडं असतं, तिथं ही माहिती नसते. म्हणून अनोळखी झिपला पूर्ण ३२ केबी धरूनच चालावं लागतं. आपणच बांधलं असेल तर गोष्ट वेगळी.

---

शिरोली_लॅब

ताई, फार फार आभार. स्कॅनडिस्कनं खरंच हरवलेले क्लस्टर दाखवले, पुसले, जागा परत आली. फ्लॉप्या शोधतोय.

एक समजलं नाही. तीन झिप मिळून २.६ एमबी, उघडून ९ एमबी. प्रोग्रामकडं सगळी मिळून सहाशे केबी. मग ३२ केबीत भागतं ते कसं? बाकीचं कुठं असतं?

---

बाइट_मोजणारी

प्रश्न आवडला, सविस्तर लिहिते. हे मी एकदा हातानं केलंय.

१९९२ ते ९८ मी सांगलीत उसाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहायचे, टर्बो सी मध्ये. गावोगावच्या गट ऑफिसांत एक्सटी (३८६ च्याही आधीचे पीसी) असायचे, ६४० केबी, २० एमबीची डिस्क आणि तीही काठोकाठ भरलेली. नवी आवृत्ती ३६० केबीच्या फ्लॉपीवर घालून एसटीच्या पार्सलनं जायची. माझा पहिला अनपॅकर दाबलेली अख्खी फाइल मेमरीत वाचायचा, दुसऱ्या जागी उलगडायचा, मग लिहायचा. माझ्या टेबलावर चालला. एका गट ऑफिसातून फोन आला की मॅडम, मेमरी नाही म्हणतोय. तिथं मराठी छपाईचा एक प्रोग्राम मेमरीत ठाण मांडून बसायचा, तो मी धरलाच नव्हता. त्या माणसानं फोनवर मला मेमरीचा आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, की मॅडम, तुम्ही सगळं एकदम कशाला उचलता, थोडं थोडं का नाही? तो शेतकी विभागाचा कारकून होता. त्याचं बरोबर होतं.

त्या सुमारास जपानच्या हारुहिको ओकुमुरा यांचा एलझेडएसएस.सी हा छोटा प्रोग्राम फ्लॉप्यांवरून फिरत माझ्याकडं आला. १९८९ चा, कुणीही वापरावा असा. त्यात ४०९६ बाइटचं गोल बफर. मला सगळं त्यावरून उमगलं.

असं बघा. उसाच्या नोंदीत दर ओळीत गावाचं नाव आणि 'को ७४०' ही जात. पहिल्यांदा ती अक्षरं जशीच्या तशी येतात. पुढच्या ओळीत दाबणारा लिहितो: ६० बाइट मागे जा, तिथून ६ बाइट उचल. ओकुमुरांकडे ही खूण दोन बाइटची, १२ बिट जागेला आणि ४ बिट लांबीला. उलगडणारा एक खूण वाचतो, मागून अक्षरं उचलतो, ती पुढे लिहितो, आणि विसरून जातो. त्याला दोनच गोष्टी हव्यात: पुढची खूण, आणि मागचं तेवढंच जेवढ्यावर खूण बोट दाखवू शकते. बाकीचं लिहून झालेलं डिस्कवर आहे, न वाचलेलं फ्लॉपीवर आहे. मेमरीत कुणाचंच काम नाही.

डिफ्लेटमध्ये खूण जास्तीत जास्त ३२,७६८ बाइट मागे जाते आणि एका वेळी ३ ते २५८ बाइट उचलते. म्हणून ३२ केबीची एक गोल जागा घ्यायची. लिहिण्याची जागा शेवटाला पोचली की परत शून्यावर, ३२,७६७ शी अँड केलं की आपोआप वळते. ह्यातली सुंदर गोष्ट अशी की हीच जागा आउटपुटचं बफरही होते. फेरा पूर्ण झाला की ३२ केबी एका दमात डिस्कवर लिहा आणि पुढचा फेरा त्याच जागी सुरू करा. वेगळं बफर नको. इन्फो-झिपचा अनझिपही असाच चालतो.

लांबी १०, अंतर १, अशी खूण आली तर? म्हणजे एकच बाइट मागे जा आणि दहा उचल. मागं तर एकच आहे! पण एकेक करून उचललं की आत्ताच लिहिलेलं लगेच उचलायला मिळतं, आणि तेच अक्षर दहा वेळा उमटतं. हे ब्लॉक-कॉपीनं (अख्खा तुकडा एकदम उचलून) करायला गेलात तर चुकतं. मी एक अख्खा दिवस ह्यात घालवलाय.

बाकी खर्च किरकोळ आहे. हफमनच्या कोडची (जास्त येणाऱ्या अक्षराला आखूड कोड द्यायची पद्धत) लांबी १५ बिटच्या आत असते. वेगाची घाई नसेल तर प्रत्येक लांबीचे किती कोड आणि कोणत्या क्रमानं, एवढंच ठेवून भागतं. अक्षर-लांबीचे २८८ आणि अंतराचे ३०, दोन्ही तक्ते मिळून सातशे बाइट. सीआरसीचा (फाइल बिघडली का ते तपासायच्या आकड्याचा) तक्ता १ केबी. फ्लॉपीवरून वाचायला २-४ केबी. सगळं चाळीस केबीच्या आत, ६४ केबीच्या एका डेटा सेगमेंटमध्ये आरामात बसतं. म्हणजे फार पॉइंटर (सेगमेंटबाहेरचा लांब पत्ता) नाही, सेगमेंट बदलणं नाही, आणि ८०८८ वर त्याचा वेग जाणवायचा.

आणि ३२ केबीही नसतील तर? तरी होतं. मागचा सगळा मजकूर आउटपुटच्या फाइलीत आहेच, लिहायच्या फाइलीतच मागं सरकून वाचायचं. अतिशय हळू, पण अडत नाही. मी ते करून बघितलं होतं, वापरायची वेळ आली नाही.

झिपमध्ये प्रत्येक फाइल रिकाम्या खिडकीनं सुरू होते, आधीच्या फाइलीचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. दाबण्यात त्याचा तोटा आहे, तुमच्या कामाला मात्र तोच फायदा. एखादी फाइल बिघडली तर बाकीच्या शाबूत.

---

पाथ_ऑटोएक्झेक

बीझिप२ वाले बॅकअप कुणाकडं असतील तर त्यांच्यासाठी. तिथं खिडकी नसते, ब्लॉक असतो, आणि ब्लॉक पूर्ण मेमरीत आल्याशिवाय उलटं फिरवता येत नाही. नेहमीच्या -९ नं बांधलेलं उघडायला सुमारे ३७०० के लागतात. -एस दिलं तर २३५०. तेच -१ नं बांधलं असेल तर -एस सह ३५० के, म्हणजे कागदावर तरी ६४० मध्ये मावतं.

आणि टार.जीझेड ३८६ वरच उघडायची असेल तर डीजेजीपीपीबरोबर (डॉससाठीचा सी कंपायलर) येणारं डीजेटार बघा. ते जीझिप आणि टार दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये करतं, पाइप लागत नाही, टेम्प लागत नाही. मात्र ३२ बिटचं आहे, सीडब्ल्यूएसडीपीएमआय शेजारी हवा.

---

शिरोली_लॅब

झालं! आज दुपारी मशीन चालू झालं.

सविस्तर सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. लॅपटॉपवर ७झेडमधून फोल्डर काढला, चार झिप केल्या: एकात प्रोग्राम, एकात कॅलिब्रेशन, दोनात जुन्या रीडिंगच्या फाइली. पुतण्याच्या कॉलेजच्या बॅगेत यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह होता. फ्लॉप्या ऑफिसच्या कपाटातून मिळाल्या, जुन्या टॅक्सच्या फायलींच्या मागं. दहापैकी सहाच फॉरमॅट झाल्या.

एफ५ दाबून सुरू केलं. तिसरी फ्लॉपी कॉपी होताना अडली, डेटा एरर. ताईंनी सांगितल्याप्रमाणं झिप वेगवेगळ्या होत्या म्हणून तेवढीच एक नव्या फ्लॉपीवर परत आणली. बाकी तीन सी: वर तपासून ठेवल्या होत्या, त्यांना हात लावायची गरज पडली नाही. -टी नं चारही बरोबर निघाल्या.

उघडताना पहिल्या झिपला -डी राहिलं. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाची सेटअपची फाइल आहे, पीकेअनझिप विचारायला लागला की आधीची पुसून लिहू का. तिथंच थांबलो, सगळं पुसलं, परत -डी लावून केलं. तो प्रश्न त्यानं विचारला नसता तर चुकीचं सेटअप बसलं असतं आणि आकडे चुकले असते, ते आम्हाला कास्टिंग रिजेक्ट झाल्यावर कळलं असतं.

ऑटोएक्झेकमध्ये टेम्प आता सी:\टेम्प केलाय. रॅमड्राइव्हची ओळ काढून बघितली, मोजणीचा प्रोग्राम त्याच्याशिवाय नीट चालतो. मग ती तिथं कुणी आणि कशासाठी घातली होती, काही कल्पना नाही.

प्रमाणित नमुने घेऊन रीस्टँडर्डायझेशन (मशीनचे आकडे परत जुळवणं) केलं. कार्बन ठरलेल्या आकड्याला लागला. साडेचारच्या हीटचा सॅम्पल इथंच मारला, बाहेरच्या लॅबला गेला नाही. भट्टीवरच्या माणसांनी चहा पाजला.

ताई, ह्या चारही झिप मी तशाच ठेवतोय. अजून काही जपायला हवं का?

---

बाइट_मोजणारी

अभिनंदन! वाचून फार बरं वाटलं, चहाचं तर विशेष.

दोन संच करा, दुसरा वेगळ्या खोलीत ठेवा. भट्टीच्या आणि मोटरच्या जवळ नको. दोन्ही संचांत एक फ्लॉपी बूट होणारी असू दे, तिच्यावर सिस्टिम, एफडिस्क, फॉरमॅट, स्कॅनडिस्क आणि पीकेअनझिप. डिस्क परत बसली तर लॅपटॉप न शोधता काम सुरू करता येईल. कॅलिब्रेशन बदललं की फक्त ती दुसरी झिप नवी करा. आणि सगळ्या फ्लॉप्यांच्या कोपऱ्यातली ती छोटी पट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकून कुणी लिहिणार नाही.